दुसऱ्यांची गाणी, ताईची पट्टी

माझ्या ताईला खोटं बोलता येत नाही, पण फुशारकी मारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. चौसष्टी ओलांडली तरी ती स्टेजवर चढायची, पहिल्याच गाण्यात छप्पर हलवायची, मग घाम पुसून माईक तोंडाशी धरायची आणि दरवेळी तेच ऐकवायची: केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण पट्टी होती तिथंच आहे. लोक शिट्ट्या मारायचे. पट्टी म्हणजे गाणं किती उंचावरून गायचं ती जागा. वय झालं की गाणारे ती हळूच खाली आणतात, म्हणे. ताईला अशा लोकांची कीव यायची. गाणाऱ्या तरुण पोरी कौतुकानं भेटायला आल्या की त्यांनाही ती हाच डोस पाजायची.

मी तिची धाकटी बहीण. आधीच सांगून ठेवते, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. माझं जुने सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा नव्यानं मढवून देण्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत कापडाचे तागे, शिवायचं मशीन आणि कापायचं लांबलचक टेबल. मागच्या खोलीत फोमचे तक्के छतापर्यंत रचलेले. फोममुळे त्या खोलीतला आवाज बाहेर जात नाही, हे ताईनं एकदा हेरलं आणि तेव्हापासून तिचा रॉक बँड दर शनिवारी दुपारी माझ्या बोकांडी बसलाय. येतात, गोंधळ घालतात, माझाच चहा पितात आणि कप नेमके नव्या सोफ्याच्या हातावर ठेवतात. किती वेळा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं.

बँडमध्ये ताई धरून चार माणसं. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, गिटार वाजवतात. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतात ते. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाईकाला खालची ओळ दिसली नाही तर हेच ओशाळतात. ड्रमवर दातांचा डॉक्टर, त्याला आम्ही सगळे दातवाला म्हणतो. आठवडाभर लोकांना 'दुखणार नाही' सांगून त्याचा जो जीव कोंडतो, तो शनिवारी माझ्याकडे मोकळा होतो. चौथा जाड्या. तो अंगानं काडी आहे, पण बेस गिटारच्या जाड तारा वाजवतो म्हणून जाड्या. त्याच्या तोंडून मी आजवर दहा वाक्यं ऐकली असतील, त्यातली आठ 'साखर कमी' अशी.

आणि ताई गाडी शिकवते. गावातले अर्धे लोक तिच्या हाताखालून गेलेत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो तिनं इतका वापरलाय की त्याचं रबर दोनदा बदलावं लागलं. दिवसभर 'क्लच, क्लच सोड, अरे माणसा, क्लच' असं ओरडून गळा बसायला हवा, तर हिचा उलट कमावला गेला. चौकात तिचा आवाज आला की लायसन मिळून वीस वर्षं झालेले लोकसुद्धा सीटवर ताठ बसतात.

गाण्यात ती आली ती अपघातानंच. विशीत असताना आम्ही दोघी एका हॉलच्या दारात तिकिटं फाडायला बसायचो. एका संध्याकाळी तिथल्या बँडचा गायक मित्रांशी भांडून ऐनवेळी निघून गेला. आत लोक खुर्च्या वाजवायला लागले. ताईनं तिकिटांचं पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि सरळ स्टेजवर जाऊन उभी राहिली. तिला एकच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं, तेव्हा ते सगळ्यांच्याच तोंडी होतं: घरातून दार आपटून निघून जाणाऱ्या एका मुलीचं. शेवटच्या ओळीला त्याचा सूर असा काही चढतो की भलेभले तोंडावर आपटतात. ताई आपटली नाही. गिटारवाला वाजवायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. पुढं त्यानं तिच्याशी लग्न केलं, आणि आम्ही त्याला भाऊजी म्हणायला लागलो.

तर, ही ताई गेल्या वर्षी माझ्या कापायच्या टेबलावर बसून म्हणाली की ती एक अल्बम काढणार. स्वतःच्या गाण्यांचे दोन काढून झाले होते. हा तिसरा दुसऱ्यांच्या गाण्यांचा. जी दहा गाणी आयुष्यभर हॉलमध्ये लोकांच्या फर्माइशीवर गायली, ज्यांच्या जिवावर ती उभी राहिली, ती सगळी एकदा नीट बसून रेकॉर्ड करायची. मी म्हटलं, उशीर नाही का झाला? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी क्लच न दाबता गिअर टाकलाय.

दुसऱ्याचं गाणं आपल्या अल्बमवर घ्यायचं तर ज्याचं आहे त्याला विचारावं लागतं. नऊ जणांचे होकार घरबसल्या आले. दहावं ते दार आपटणारीचं गाणं. ते लिहून चाल बांधणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांचा एक जुना दंडक होता: माझं गाणं ज्याला रेकॉर्ड करायचंय त्यानं माझ्या बाहेरच्या खोलीत, माझ्या पियानोवर, मला गाऊन दाखवायचं. आवडलं तर हो, नाहीतर चहा पिऊन जा. कितीतरी नावाजलेले लोक तिथून नुसता चहा पिऊन आले होते. ताईनं मात्र जाहीर करून टाकलं, की ते गाणं नसेल तर अल्बमच नाही, बाकीची नऊ चुलीत गेली तरी चालतील. होकार मिळणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही शिकवणीच्याच गाडीतून निघालो. भाऊजी चालवत होते, ताई शेजारी तिच्या नेहमीच्या जागेवर, मी मागे मांडीवर गिटार घेऊन. मला कशाला नेलं? टाळ्या वाजवायला, दुसरं काय.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. खोली लहान, आणि अर्धी पियानोनंच अडवलेली. त्यावर औषधांच्या बाटल्या आणि एक झोपलेली मांजर. सोफ्यावर बसल्या बसल्या मला कळलं की मधली स्प्रिंग तुटलीय, पण मी जीभ आवरली. मास्तरांनी मांजर उचलून सुनेकडे दिली, बोटं चोळली आणि विचारलं, "पट्टी कोणती घेऊ?"

"तुमचीच. मूळची," ताई म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा सूर.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, जिने चढून दम लागला असेल.

मास्तरांनी सुरुवात केली. पहिलं कडवं ताईनं दणक्यात उचललं. दुसऱ्या कडव्याला तिच्या कपाळावर घाम आला. आणि शेवटच्या ओळीला, जिथं सूर चढतो, तिथं तिचा आवाज फाटला. चांगला मधोमध फाटला, मलासुद्धा कळलं. मास्तर थांबले. सुनेनं पाणी आणलं. ताई म्हणाली की सकाळपासून घसा धरलाय, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. या वेळी ती त्या ओळीपर्यंत पोचलीच नाही.

माझ्या ताईला मी असं कधी बघितलं नव्हतं.

मास्तर माणूस सज्जन. ते अगदी सहज म्हणाले, "तुमच्या गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मला कुणीतरी ऐकवलं. त्यात हेच गाणं सुरेख गायलात. तिथं तुम्ही दीड सूर खाली होतात. तीच पट्टी घ्यायची का?"

"मी? खाली?" ताई म्हणाली.

मग ती हळूहळू भाऊजींकडे वळली. भाऊजी गिटारच्या पिशवीची चेन लावत होते. पिशवीतून गिटार बाहेर काढलेलीच नव्हती, चेन लावलेलीच होती, तरी ते लावत होते. मास्तरांच्या काय ते लक्षात आलं. त्यांनी पियानोचं झाकण मिटलं आणि म्हणाले की पुढच्या रविवारी या, मी कुठं पळून जातोय.

परत येताना गाडीत भाऊजींनी सगळं सांगून टाकलं. दहा-बारा वर्षांपूर्वी ताईला मोठं आजारपण आलं होतं, फुप्फुसांवर गेलं होतं. उठल्यावर पहिल्याच कार्यक्रमात तिला त्रास होऊ नये म्हणून भाऊजींनी गिटारच्या तारा अर्धा सूर सैल केल्या आणि जाड्यालाही करायला लावल्या. त्या दिवशी ताई झकास गायली. खाली उतरून भाऊजींच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आला बघ माझा आवाज परत. त्यानंतर तारा पुन्हा ताणायचा त्यांना धीर झाला नाही. चार-पाच वर्षांनी आणखी अर्धा सूर. मग आणखी अर्धा. ताईला वाद्य वाजवता येत नाही. गिटार जिथून सुरू होईल तिथून ती गाणं उचलते, आणि स्वतःचं रेकॉर्डिंग तर ती कधीच ऐकत नाही. तिला कळणार कुठून?

भाऊजी इथवर बोलले आणि ताईनं तिच्या पायाखालचा ब्रेक दाबला. भर रस्त्यात. मी गिटारसकट पुढच्या सीटवर आदळले. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. ताईनं दार उघडलं, उतरली आणि फुटपाथवरून चालत घरी गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. ताई ओरडली असती, भांडी आपटली असती, तर आम्ही सुटलो असतो. ती गप्प झाली. तिच्याकडे गाडी शिकणारा एक बँकवाला माझ्या दुकानात येऊन दबक्या आवाजात विचारून गेला, की बाईंना बरं नाही का, मी आज दोनदा गाडी बंद पाडली तरी त्या काही म्हणाल्या नाहीत. त्याला भीती वाटत होती. भाऊजी दुकानात बसून लोकांना चुकीचे नंबर देत होते. आणि मी? मी बँडमधल्या तिन्ही पुरुषांवर जाम भडकले होते. माझ्या दुकानात, माझ्या फोमच्या आड बसून हे उद्योग चालले होते आणि मला पत्ता नाही.

गुरुवारी ताई आली. मी एका जुन्या आरामखुर्चीचं कापड उतरवत होते. तिनं माझ्या हातातली पकड घेतली, खाली बसली आणि खुर्चीचे खिळे उपटायला लागली. उपटत काय होती, खुर्चीचा सूड घेत होती. अर्धी खुर्ची उघडी झाल्यावर ती म्हणाली, "मास्तरांना कळवून टाक, आम्ही येत नाही. अल्बम होणार नाही. माझा आवाज कधीच गेलाय आणि मला कुणी सांगितलं नाही. मग इतकी वर्षं त्या टाळ्या कुणाच्या होत्या?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही, माझं डोकंच फिरलं. मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, टाळ्या तुझ्याच होत्या, लोक काय गिटार किती सैल आहे ते मोजून टाळ्या वाजवतात का? तिकीट काढून येतात, रडतात, नाचतात, घरी जातात. त्यांच्यातल्या कुणी येऊन तक्रार केली? आणि गावभर पट्टी पट्टी करत कोण फिरत होतं? तू स्वतःच असा डंका पिटलास की तुला खरं सांगायची कुणाची छाती होणार? भाऊजी चुकलेच, पण तूही त्यांना जागा ठेवली नाहीस.

ती ऐकत होती. मग मी विचारलं, "तू नक्की रडतेस कशासाठी? आवाज उतरला म्हणून, की तुला विचारलं नाही म्हणून?"

तिनं हातातला खिळा उलटासुलटा करून बघितला.

"विचारलं नाही म्हणून," ती म्हणाली. "आवाजाचं काय, गुडघेही उतरलेच की. पण तो दर कार्यक्रमानंतर मला म्हणतो, आज छान झालं. आता मला त्याचं कुठलंच 'छान' खरं वाटेना, ग. माझ्या आवाजाबद्दल मी विचारायचं कुणाला?"

मी चहा ठेवला. चहा पिता पिता ती एकदम थांबली. काहीतरी सापडल्यासारखी म्हणाली की थांब, दीड सूर खाली आणूनही त्या शेवटच्या ओळीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे का चमकतात? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी खुर्च्या मढवते. पण ती ऐकतच नव्हती. कप ठेवला, नव्या सोफ्याच्या हातावरच ठेवला, आणि ताडताड निघून गेली.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी हजर. तिघे एकेक करून आले आणि दारातच घुटमळले. दातवाल्याची तर दातखीळच बसली होती. ताईनं त्यांना मागच्या खोलीत फोमला टेकवून ओळीनं बसवलं. मी दारात उभी राहिले. एवढा तमाशा मी सोडणार थोडीच.

"फसवायचंच होतं तर पोटभर तरी फसवायचं होतंत," ताई म्हणाली. "मला कळू नये म्हणून अर्धा अर्धा सूर चोरत बसलात. आणि उरलेल्यासाठी मी दहा वर्षं गळा फाडत राहिले. आता उतरवा तारा. मी थांबा म्हणेपर्यंत."

मग सुरू झालं. भाऊजी तारा अर्धा सूर सैल करायचे, जाड्या करायचा, ताई तीच शेवटची ओळ गायची आणि मान हलवायची: अजून. पुन्हा सैल, पुन्हा ती ओळ. अजून. भाऊजींच्या तारा इतक्या ढिल्या पडल्या की गिटार घशात पाणी अडकल्यासारखी बोलायला लागली. मूळ पट्टीपासून अडीच सूर खाली आल्यावर ताईनं ती ओळ म्हटली आणि मान हलवली नाही. मग डोळे मिटून अख्खं गाणं गायली. ओरडली नाही. कपाळावर घाम नाही, मानेची शीर फुगली नाही. मला सूर कळत नाही, मघाशीच सांगितलं, पण माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि हा मी कधी ऐकला नव्हता. रुंद, जड, जागेवर बसलेला.

"इथं," ती म्हणाली.

दातवाल्यानं डोळे पुसले. जाड्या चक्क बोलला, तारा जाड आणाव्या लागतील म्हणाला, या तारांनी होणार नाही. ताई भाऊजींकडे वळली. कसं वाटलं, तिनं विचारलं. भाऊजी म्हणाले, छान. ताईनं हात झटकला. छान तर तू दहा वर्षं म्हणतोयस, म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी प्यायला गेली. भाऊजी गिटारकडे बघत बसले. इतका चांगला माणूस, पण त्या वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं मला.

रविवारी पुन्हा ते तीन मजले. मास्तरांनी मांजर हलवली, पट्टी विचारली. ताईनं सांगितली. "अडीच सूर खाली. आता माझी हीच," ती म्हणाली आणि इतक्या ताठ मानेनं म्हणाली की जणू वर चढवून सांगितलीय. मास्तरांच्या भुवया उंचावल्या, पण बोटं चालू झाली. ताई उभी राहून गायली. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे आवाज येत होते, ते मध्येच यायचे थांबले असं मला वाटलं, पण ते आपलं माझं मन.

गाणं संपलं तरी मास्तरांनी पियानोवरचे हात उचलले नाहीत. म्हणाले, "हे माझं गाणं राहिलं नाही."

संपलं, मला वाटलं, चहा पिऊन जा.

"मी लिहिलं तेव्हा ती पोर दार आपटून निघून गेली होती," मास्तर म्हणाले. "पुढं तिचं काय झालं, मलाही माहीत नव्हतं. सगळे येऊन मला ते दारच आपटून दाखवत राहिले. आज इतक्या वर्षांनी तिची खुशाली कळली. करा रेकॉर्ड."

जिना उतरताना ताई पुढं होती आणि शीळ घालत होती. मी मागं थांबून मास्तरांच्या सुनेला सांगितलं की सोफ्याची मधली स्प्रिंग मी येऊन बदलून देईन. एवढं तर मी करायलाच हवं होतं.

रेकॉर्डिंग एका टायरच्या गोदामावरच्या स्टुडिओत झालं. जिन्यात रबराचा वास, आत काचेच्या भिंतीनं दोन भाग केलेली खोली. काचेपलीकडे गाणाऱ्यानं उभं राहायचं, अलीकडे यंत्रांसमोर रेकॉर्डिंगवाला. तो टकलू, थर्मासमधली कॉफी पिणारा, कामात तरबेज माणूस. वाद्यं आधीच रेकॉर्ड करून झाली होती. जाड तारांनी भाऊजींच्या बोटांची सालं निघाली होती, बोटांना पट्ट्या चिकटवून त्यांनी दहाही गाणी पुरी केली. ताईची नऊ गाणी होऊन गेली. आणि प्रत्येक गाण्यानंतर ती काचेतून सगळ्यांकडे बघायची. दातवाला अंगठा दाखवायचा, जाड्या मान डोलवायचा, मी हात हलवायचे. भाऊजींकडे तिची नजर वळायची आणि लगेच दुसरीकडे जायची. विचारून उपयोग काय, असं. घरी दोघं नीट बोलत होते, हसत होते. पण हे काही सुटलेलं नव्हतं, आणि भाऊजींनाही ते ठाऊक होतं.

दहावं गाणं ते, दार आपटणारीचं. ताई गायली आणि आम्ही अलीकडचे सगळे थिजून बसलो. शेवटचा सूर विरला. ताईनं कानांवरचे हेडफोन गळ्यात घेतले आणि पाण्याची बाटली उघडली. काचेपलीकडे आमचं बोलणं ऐकू जात नाही, बटण दाबलं तरच जातं.

रेकॉर्डिंगवाल्यानं मागं वळून भाऊजींना हळूच सांगितलं, की अप्रतिम झालंय, फक्त तिसऱ्या कडव्यात एका शब्दावर आवाज किंचित चिरकलाय. मी दुरुस्त करून टाकतो. हल्ली यंत्रात सगळं होतं. बाईंना कळणारसुद्धा नाही.

आम्ही तिघंही भाऊजींकडे बघायला लागलो. दातवाला काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

भाऊजी उठले. रेकॉर्डिंगवाल्याच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी ते बटण दाबलं.

"ऐकतेस का?" ते म्हणाले. "तिसऱ्या कडव्यात तुझा आवाज चिरकलाय. हा दुरुस्त करू म्हणतोय. काय करायचं?"

चाळीस वर्षांत या माणसानं तिच्या गाण्यातली चूक पहिल्यांदा तिला तोंडावर सांगितली होती. ताई बाटली हातात धरून काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की तिकिटं फाडत होतो त्या दिवसांनंतर मी ते बघितलं नव्हतं.

"मला गातानाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू सांगतोस का, तेवढंच बघत होते. राहू दे तसंच. आता सांग, बाकीचं कसं झालं?"

"छान," भाऊजी म्हणाले.

ताईनं मान डोलावली. या वेळी तिला ते खरं वाटलं.